मूकपटातलं रिव्हॉल्वर

ती घटना आजही आठवते, आणि स्पष्टच सांगतो, आठवली की माझा दिवस खराब जातो. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की लोकांना दरोडे हवे असतात, खून हवे असतात. ते सगळं मी केलंय. पण ज्या प्रकरणात थेंबभर रक्त सांडलं नाही की एक गोळी सुटली नाही, त्यानंच मला सगळ्यात जास्त छळलं. नावं कुणाचीच घेणार नाही. पारनेर तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, ठाण्याचा प्रभारी. नोकरीचं जेमतेम एक वर्ष उरलं होतं. जिल्ह्यात बेकायदा शस्त्रांविरुद्ध मोहीम सुरू होती. महिन्याच्या क्राइम मीटिंगला प्रत्येकाला उभं करून एकच प्रश्न: किती गावठी कट्टे पकडले? आमच्या ठाण्याची पाटी कोरी. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "तुमच्या हद्दीत काय सगळे संतच राहतात का?" सगळे हसले. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते हसणं झोंबतं. मलाही झोंबलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. बातमीदार म्हणजे स्टँडजवळचा सलूनवाला. लोक दाढीला मान वर करून बसले की जे पोटात असतं ते बोलतात, म्हणून सलूनवाला हा पोलिसाचा चांगला बातमीदार, असा माझा अनुभव आहे. त्यानं मोबाईल पुढं केला. कुणीतरी खंडेनवमीच्या पूजेचा फोटो स्टेटसला ठेवला होता. पाटावर विळा, कोयता, खुरपं, दोन पुस्तकं, शाईचं पेन आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं रिव्हॉल्वर. खाली लिहिलं होतं, 'आमचा वारसा'.

"कुणाचं घर?"

"मास्तरांचं, साहेब. पुतण्यानं टाकलंय स्टेटस. पण मास्तर लई सरळ मानूस हाय बरं का. माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन सरकारी पंच बरोबर घेतले आणि निघालो. गावात शिरतानाच सिमेंटची कमान लागते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'क्रांतिवीर' आणि पुढं मास्तरांच्या आजोबांचं नाव. आमचे जुने हवालदार गाडी चालवत होते. कमान बघून म्हणाले, "साहेब, ह्या कमानीखालनं आपण कुनाला बेड्या घालून आनायचं म्हंजे अवघडच हाय." मी म्हटलं, गाडी चालवा.

मास्तर सत्तरी ओलांडलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, एकुलती एक लेक लग्न होऊन नगरला सावेडीत. पुतण्याचं कुटुंब शेजारच्या घरात, जेवणखाण तिकडं. आम्हाला बघून ते दचकले नाहीत. उलट चहा सांगितला. मी येण्याचं कारण सांगितलं तर स्वतः उठले, आतून सागवानी पेटी आणली आणि माझ्यासमोर उघडली. आत जुन्या रेशमी कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर. कापडाला जरीचा काठ होता. शेजारी पत्र्याच्या डबीत सहा काडतुसं.

हवालदारांनी ते हातात घेऊन चाक फिरवलं. "आयला! साहेब, लोन्यासारखं फिरतंय."

मास्तरांचा चेहरा खुलला. "फिरणारच. दर खंडेनवमीला शिलाई मशीनचं तेल घालतो. आबांनी, म्हणजे आजोबांनी, सांगून ठेवलं होतं, मग वडिलांनी पाळलं, आता मी पाळतो. एक वर्ष चुकलेलं नाही."

बिचाऱ्याला वाटलं, मी कौतुक करतोय. कायद्यात जुन्या, निकामी हत्याराला सवलत आहे. गंजलेलं, मोडकं असतं तर मी पंचनामा करून, दोन शब्द सुनावून परत आलो असतो. त्या घरानं मात्र शंभर वर्षांच्या आसपासचं हत्यार देवासारखं जपलं होतं, म्हणून ते चालू होतं, आणि चालू होतं म्हणून ते अग्निशस्त्र ठरत होतं. परवाना नव्हता. पेटीला लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, सगळं रीतसर केलं. तोवर दारात अर्धं गाव जमलं होतं. सरपंच हात जोडत होते, म्हाताऱ्या बाया मला शिव्या देत होत्या.

गाडीत बसण्याआधी मास्तर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मला कुठंही न्या, काहीही करा. माझं वय झालंय. वेशीवरच्या नावाला फक्त धक्का लागू देऊ नका. दुसरं काही मागत नाही."

मी म्हटलं, "तुमच्या आजोबांचा काय संबंध? गुन्हा तुमच्यावर आहे." त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. हत्यार आलं कुठून, हा अशा प्रकरणात पहिला प्रश्न. मास्तरांनी गोष्ट सांगितली. आबा तरुणपणी घर सोडून गेले, क्रांतिकारकांना मिळाले, रात्रीच्या गाडीतून प्रवास करणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेचं हे रिव्हॉल्वर हिसकावलं, सात वर्षं भूमिगत राहिले आणि मग गावी परतले. मी ऐकून घेतलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिन्ही वेळा शब्दाला शब्द तोच. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं बोलणारा माणूस अडखळतो हो. मागं जातो, "नाही नाही, ते नंतर झालं" म्हणतो, मध्येच भलतंच काही आठवतं त्याला. मास्तर शाळेतली कविता म्हणावी तसे म्हणत होते. मी विचारलं, "आबांनी स्वातंत्र्यसैनिकाचं मानधन कधी मागितलं?"

"नाही. देशासाठी केलेल्याचे पैसे घ्यायचे नसतात, म्हणाले."

असे काही थोर लोक होते, नाही असं नाही. पण पोलिसाच्या कानाला ते वेगळं लागतं. जो अर्जच करत नाही, त्याला कदाचित चौकशीच नको असते.

साहेबांना फोनवर सगळं कळवलं. ते म्हणाले, "आजोबा-पणजोबा सोडा. माल बाहेरून आलाय का ते बघा. स्रोत सापडत नसेल तर प्रकरण वरच्या शाखेकडं देऊ." याचा अर्थ मला कळत होता. वरची शाखा म्हाताऱ्याची कोठडी वाढवून घेणार, पुतण्याला उचलणार, कुठल्या तरी टोळीशी जोडणार. सरकारी वकिलांनीही 'शस्त्राचा स्रोत निष्पन्न झालेला नाही' म्हणून जामिनाला विरोध केला. मास्तर तालुक्याच्या कारागृहात गेले.

काडतुसांनी मला वाट दाखवली. मुद्देमाल कारकून नोंद करताना म्हणाला, "साहेब, ह्यांना गोळीच नाही." बघितलं तर खरंच. पितळी नळकांडं, आत दारू, तोंडाला पुठ्ठ्याची चकती. म्हणजे आवाज होईल, धूर निघेल, माणूस मरणार नाही. क्रांतिकारक असलं काडतूस घेऊन कशाला फिरेल? पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला. हत्यार चालू स्थितीत, हे एक. आणि नळीवरच्या नक्षीच्या खाचांत चंदेरी रंगाचे अवशेष, हे दुसरं. हवालदार म्हणाले, "जत्रंतल्या तमाशावानी रंगवलंय की ह्ये."

ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाटक! मी पुण्याला जुन्या नाटक-सिनेमांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना गाठलं. वयस्कर, बोलायला फटकळ, पण ज्ञान दांडगं. फोटो बघून म्हणाल्या, "नाटकातलं नाही हो, सिनेमातलं असेल. मूकपटातलं. काळं हत्यार काळोख्या सेटवर दिसायचं नाही. गोळीचा आवाजही ऐकू येणार नाही, मग लोकांना कळणार कसं की हातात पिस्तूल आहे? म्हणून चंदेरी रंग फासायचे, म्हणजे ते चमकायचं. आणि धूर दिसावा म्हणून असली काडतुसं. तेव्हा खोटी हत्यारं कोण बनवणार? परवान्याची खरीच वापरायचे."

त्यांना मी आबांचं नाव सांगितलं. त्यांनी जुन्या याद्या चाळल्या. त्या नावाचा नट होता. लहानशी कंपनी, चार-पाच वर्षांत बुडालेली. तिच्या एका सामाजिक कथेच्या चित्रपटाची दहा-बारा मिनिटांची फीत शिल्लक होती आणि तिची कॉपी बाईंकडं होती.

"पण साहेब," त्या म्हणाल्या, "हा नट पुरुषाच्या कामात नाही. नायिका आहे."

त्यांच्या संगणकावर ते बघितलं तो प्रसंग मी विसरणं शक्य नाही. नऊवारी नेसलेली एक विधवा. दिवाणखान्यात शिरलेला दुष्ट कारभारी पुढं पुढं येतोय. ती भिंतीवरून रिव्हॉल्वर काढते आणि दोन्ही हातांनी धरते. कारभारी हसतो. मग पडद्यावर अक्षरांची पाटी येते, 'पुढे पाऊल टाकाल तर!' पुन्हा तिचा चेहरा. धुराचा लोट, आणि कारभारी कोसळतो. आवाज काहीच नाही. रिव्हॉल्वर पांढरंशुभ्र चमकतं, मुठीच्या डाव्या कडेला टवका उडालेला स्पष्ट दिसतो. तोच टवका आमच्या मुद्देमालात होता. पण माझी नजर हत्यारावर फार टिकली नाही. ती बाई म्हणजे हुबेहूब मास्तर होते. तीच हनुवटी, तीच कपाळाची ठेवण. इतका सुंदर अभिनय की क्षणभर मीही विसरलो की पदराआड पारनेरचा गडी आहे.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, अगदी उड्या मारायच्या बाकी होत्या. प्रकरण उलगडलं होतं, तेही डोकं वापरून.

कोर्टाची परवानगी काढली, कॉपी लॅपटॉपवर घेतली आणि कारागृहात मास्तरांसमोर बसलो. तीन आठवड्यांत ते वाळले होते, पण तक्रार नव्हती. म्हणाले, "मला बरं चाललंय. दोन कैद्यांना सही करायला शिकवतोय." मी लॅपटॉप सुरू केला.

पहिल्या दोन मिनिटांत त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती विधवा दारातून आत येते, तिथं ते एकदम म्हणाले, "आबा पदर किती नीट घेतात हो." आणि रडायला लागले. आबा गेले तेव्हा मास्तर शाळकरी होते. चालते-फिरते आबा ते साठ वर्षांनी बघत होते. मी तीनदा लावून दाखवलं. तिसऱ्या वेळी ते हसलेसुद्धा.

मग बोलले, आणि या वेळी अडखळत बोलले. "वडिलांनी जाताना मला सांगितलं. तोवर मलाही ठाऊक नव्हतं. आबा देखणे होते, गळा गोड. एका कंपनीबरोबर पळून गेले. बायकांची कामं करायचे. कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं आठवण म्हणून हे दिलं. ते गुंडाळलेलं कापड म्हणजे त्या सिनेमातल्या लुगड्याचा काठ. गावी आले तर कुणीतरी पेटीत रिव्हॉल्वर बघितलं. गावानंच ठरवलं, हा क्रांतिकारकांत होता. आबा खोटं एक अक्षर बोलले नाहीत, साहेब. नुसते गप्प राहिले. खरं काय सांगणार होते? पाच भावांचं शेतकरी घर. लुगडं नेसून नाचत होतो म्हणून सांगितलं असतं तर भावांनी बांधावर उभं केलं नसतं."

"आणि कमान?"

त्यांनी मान खाली घातली. "कमान माझ्या काळात झाली. ग्रामसभेत ठराव आला तेव्हा मी मुख्याध्यापक. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. नाही बोललो. दर पंधरा ऑगस्टला लोक मला पुढं बसवायचे. आवडायचं मला ते."

मी म्हटलं, "मास्तर, झालं गेलं. आता हे सगळं कागदावर आलं की तुम्ही सुटलात. स्रोत सापडला. टोळी नाही, तस्करी नाही. या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती मिळणार नाही."

त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. ज्या हातांनी अर्ध्या तालुक्याला बाराखडी गिरवायला लावली ते हात. "साहेब, पाया पडतो. हे कागदावर आणू नका. लिहा, आरोपी काही सांगत नाही. मला शिक्षा होऊ द्या. दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा, मी भोगतो. माझा निर्णय झालाय."

"अहो, सुटताय तुम्ही! वेड लागलंय का?"

"सुटून जाऊ कुठं?"

मला ते म्हातारपणाचं रडगाणं वाटलं. मनात म्हटलं, बाहेर आला की आभार मानेल. मी जबाब लिहायला घेतला. आमच्याकडं आरोपीचा जबाब ठरलेल्या वाक्यानं सुरू होतो, 'मी स्वखुशीने सांगतो की'. मारून वदवून घेतलेलं असो की कसंही, कागदावर स्वखुशीच असते. मास्तरांनी वाचायला मागितला. पूर्ण वाचला, आणि वह्या तपासणाऱ्याच्या सवयीनं बोट ठेवून म्हणाले, "हा शब्द खोडा. मी खुशीनं सांगितलेलं नाही."

"मास्तर, तो सगळ्यांच्याच जबाबात असतो. त्याला काही अर्थ नसतो."

"अर्थ नसेल तर मग खोडायला काय हरकत आहे?"

मी कागद घडी करून फाईलमध्ये टाकला.

पुढचं मी केलं ते कायद्यानं गरजेचं नव्हतं. तपासाचे कागद कोर्टाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला गेले असते, तेवढं पुरेसं होतं. गावात कुणाला कळलंही नसतं कदाचित. पण साहेबांनी फोनवर पाठ थोपटली आणि म्हणाले, "वेगळं प्रकरण आहे, पत्रकारांना बोलवा." मी नको म्हणू शकत होतो. त्याऐवजी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून बसलो, त्या विधवेच्या चित्राच्या रंगीत प्रती काढल्या आणि प्रत्येक पत्रकाराला एकेक दिली. प्रेसनोट मी स्वतः लिहिली, खाली माझी सही. 'आरोपीने स्वखुशीने दिलेल्या माहितीवरून असे निष्पन्न झाले की,' हे तिचं पहिलं वाक्य. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. दुसऱ्या दिवशी सगळीकडं तेच छापून आलं. एकानं तर मथळाच दिला, 'सुटकेसाठी नातवाने फोडले आजोबांचे बिंग'.

मास्तरांना जामीन मिळाला. पुढं मंजुरी नाकारली गेली आणि प्रकरण बंद झालं, अगदी मी सांगितलं होतं तसं. कोर्टानं विचारलं, शस्त्राबद्दल काही म्हणणं आहे का? मास्तर म्हणाले, नाही. ते सरकारजमा झालं आणि कालांतरानं पकडलेल्या कट्ट्यांबरोबर वितळवलं गेलं. मला रिवॉर्ड मिळालं, सर्व्हिस शीटला नोंद झाली.

गावात काय झालं ते सलूनवाल्याकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मास्तर जामिनावर घरी पोचले त्याच्या आधीच कमानीवरच्या नावाला कुणीतरी डांबर फासलं होतं. सव्वीस जानेवारीला त्यांना बोलावणं नाही. रस्त्यानं निघाले की पारावरची टवाळ माणसं खांद्यावरच्या टॉवेलचा पदर करून डोक्यावर घ्यायची. ज्यांना त्यांनी शिकवलं तीच ही माणसं. पुतण्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली, तेव्हा पुतण्यानं सरळ सांगितलं, "नाना, तुमी काही दिवस ताईकडं जावा." पण लोकांना जास्त राग नाच्याचा नव्हता, हे सलूनवाल्यानंच मला समजावलं. "साहेब, लोक म्हन्त्यात, आज्या काय का असंना, ह्यो जेलला भ्याला. सोताच्या सुटकंसाठी आज्याची अब्रू इकली. ज्यानं हे केलं त्यो आपला कसा?"

तरी मी हललो नाही. मी निवृत्त झालो, नगरलाच घर केलं. सावेडीत भाजी घ्यायला जायचो तिथून मास्तरांच्या लेकीचा फ्लॅट दहा मिनिटांवर. दोन वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. कामं होती, असं स्वतःला सांगायचो. काय डोंबलाची कामं असतात निवृत्त माणसाला!

थंडीत एका दुपारी हवालदारांचा फोन आला, मास्तर गेले म्हणून. अमरधामला, नगरच्या स्मशानभूमीत, गेलो. गावी नेलं नव्हतं. जावई, त्याचे दोन मित्र, पुतण्या, लेक आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन बायका. पन्नास वर्षं ज्या माणसाला गावात प्रत्येक जण वाकून नमस्कार करत होता, त्याच्या शेवटाला आठ माणसं नव्हती. पुतण्या सोडला तर गावाचं एक माणूस नाही.

लेक बँकेत नोकरीला. मला ओळखलं तिनं. राग करेल असं वाटलं होतं, ती उलट शांतपणे म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही, साहेब. तुम्ही तुमचं काम केलं. अण्णाच कच्चे निघाले. थोडं सोसलं असतं तर पणजोबांची अशी धिंड निघाली नसती. मी त्यांना तोंडावर बोललेय हे. दोन वर्षं आम्ही एका घरात होतो, पण जेवायला या, औषध घ्या, याच्या पलीकडं मी त्यांच्याशी बोलले नाही."

"ते काय म्हणायचे?" मी विचारलं.

"काही नाही. गप्प बसायचे."

मला तिथं उभं राहवेना. सगळं सांगितलं. हात जोडले ते, दोन-तीन वर्षं भोगतो म्हणाले ते, शब्द खोडा म्हणाले ते. मी खोडला नाही, तेही. ती शेजारचा सिमेंटचा कठडा धरून खाली बसली.

"हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी दहा मिनिटांवर राहत होते हो." मग मोठ्यानं रडायला लागली. "अण्णा, मला सांगायचं ना! मला तरी सांगायचं!"

जावयानं तिला आवरलं. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता एवढं करा. गावात जाऊन सांगा."

गेलो मी. तेराव्याच्या आधीच गेलो. पारावर दहा-बारा माणसं होती, सरपंचही होते. मी उभा राहून सगळं सांगितलं, माझी चूक होती हेही सांगितलं. माझ्या बढाईसाठी एका माणसाचं वाटोळं केलं, अशा शब्दांत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरपंच उठले, ग्रामपंचायतीत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले.

"साहेब, मेल्याल्या मानसाचं वाईट बोलू नये, ते आमालाबी कळतंय. तुमी चांगल्या मनानं आलाव. पन हितं लिवलंय बगा, स्वखुशीनं. तवा तुमी वर्दीत हुता, तुमचं नाव हाय. आता तुमी रिटायर हाय. आमी कोनचं खरं धरायचं?"

मी म्हटलं, "आत्ताचं. मी शपथेवर सांगतो."

"असंल, साहेब," ते म्हणाले, आणि मला चहा सांगितला. बाकीचे कांद्याच्या भावाचं बोलायला लागले.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लिहायची पद्धत आहे. गुन्हेगाराकडून खरं कसं काढायचं ते मला येत होतं, त्याबद्दल बक्षिसंही मिळाली. खरं काढल्यावर ते कुणाच्या हातात द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. कायद्याच्या दृष्टीनं मी एका निर्दोष माणसाला सोडवलं. तो मात्र माझ्यासमोर बसून सांगत होता की त्याला सुटायचं नाही, आणि मला वाटलं, याच्यापेक्षा मला जास्त कळतं. मास्तरांच्या लेकीला त्यानंतर मी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा जावई म्हणाला, "साहेब, कृपा करून आता करू नका. तुमचा फोन आला की ती दोन दिवस जेवत नाही." मी बरं म्हणालो आणि तिचा नंबर काढून टाकला.